लिनक्स फोनवरील जीपीएस : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी डेबियन या लिनक्स प्रणालीवर आधारित फोन रोजच्या कामासाठी वापरत आहे. फोन, संदेश आणि ब्राउझर यांविषयी माझी तक्रार नाही. लोकेशनने मात्र पहिले दोन महिने फार त्रास दिला, म्हणून हा अनुभव त्याच एका विषयापुरता लिहीत आहे.

पुण्यात घराच्या गच्चीवर, डोक्यावर मोकळे आकाश असताना नकाशा उघडला, तरी मी कधी शहराच्या दुसऱ्या टोकाला दिसे, तर कधी थेट मुंबईत. अँटेना कमकुवत असावी असे मी धरून चाललो होतो. नंतर अचूकतेचा आकडा पाहिला, तेव्हा तो कित्येक किलोमीटरचा होता. उपग्रहांवरून काढलेले स्थान एवढे चुकत नाही. ठिपका इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून लावलेल्या अंदाजाचा होता. या फोनांवर ॲपला स्थान पुरवते ती जिओक्लू ही सेवा, आणि जीपीएस रिसीव्हर मोडेममध्येच (मोबाईल नेटवर्कशी जोडणाऱ्या चिपमध्ये) असल्यास तिला ते मोडेममॅनेजर या मोडेम सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडून मिळते. उपग्रहांचे स्थान हाती नसले की जिओक्लू आसपासच्या वाय-फाय नेटवर्कांवरून स्थान शोधते. त्यासाठी पूर्वी मोझिलाची सेवा होती, ती २०२४ मध्ये बंद झाली. तिच्या जागी आलेल्या बीकनडीबीमध्ये स्वयंसेवकांनी नोंदवलेलीच ठिकाणे सापडतात; न सापडल्यास इंटरनेट पत्त्यावरचा ढोबळ अंदाजच उरतो. म्हणून नकाशावर ठिपका दिसला म्हणजे जीपीएस लागले, असे कृपया समजू नका.

खरा उलगडा रिसीव्हरचे कच्चे संदेश वाचल्यावर झाला. मोडेममॅनेजरची एमएमसीएलआय ही आज्ञा वापरून जीपीएस सुरू केले की एनएमईए, म्हणजे रिसीव्हरच्या ठरावीक मांडणीतल्या, ओळी मिळतात. त्यातल्या जीएसव्ही ओळींमध्ये प्रत्येक उपग्रहाचा क्रमांक, क्षितिजापासूनची उंची, दिशा आणि शेवटी सिग्नलची ताकद असते. खिडकीपाशी हा शेवटचा आकडा १८-२० च्या पुढे सरकत नव्हता आणि बऱ्याच उपग्रहांपुढे तर जागा कोरीच होती. गच्चीवर मात्र तोच ३५ ते ४० झाला. म्हणजे अँटेनात दोष नव्हता. (आपला नाविक, म्हणजे भारताची स्वतःची उपग्रह प्रणाली, यादीत दिसला नाही, याचे कारणही समजले. त्याचे पहिल्या पिढीचे उपग्रह एल५ आणि एस या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर प्रसारण करतात, तर माझा रिसीव्हर फक्त एल१ ऐकतो.)

सिग्नल चांगला असूनही फिक्स (उपग्रहांवरून नक्की झालेले स्थान) मिळायला दहा-पंधरा मिनिटे का लागत होती, हा प्रश्न उरलाच. जीपीएस उपग्रह आपला संदेश सेकंदाला अवघ्या ५० बिट या वेगाने पाठवतो. त्याच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. ती वाचताना मध्येच झाड किंवा इमारत आडवी आली, तर पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते, आणि अशी माहिती किमान चार उपग्रहांची हवी. हा वेळ वाचावा म्हणून कक्षांची माहिती इंटरनेटवरून फाईलच्या रूपात उतरवून मोडेमला दिली जाते. माझ्या फोनवर हे काम करणारी सेवा फोन सुरू होताक्षणी एकदाच प्रयत्न करी, आणि त्या वेळी मोबाईल नेट जोडलेलेच नसे. लॉगमधली (फोनने ठेवलेल्या नोंदींतली) हे सांगणारी एक ओळ सापडायला मला सहा आठवडे लागले. आता नेट आल्यावरच ही सेवा चालू होईल आणि फाईल रोज ताजी होईल अशी सोय केली आहे. घड्याळाची वेळही आधी तपासून घेतो, कारण वेळ चुकीची असेल तर ती फाईल निरुपयोगी ठरते. तेव्हापासून मोकळ्या जागी पहिला फिक्स एका मिनिटाच्या आत मिळतो.

मधल्या काळात कुणाच्या सल्ल्यावरून जीपीएसडी हा रिसीव्हर वाचणारा दुसरा प्रोग्राम बसवला होता. त्याने आणि मोडेममॅनेजरने एकच पोर्ट धरल्यामुळे दोन्हीही बंद पडले. दोहोंपैकी एकच ठेवावे.

सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेने चढताना प्युअर मॅप्स या नकाशाच्या ॲपमध्ये ऑफलाइन नकाशा घेऊन मी तीनदा फोन पारखला आहे. पानगळीनंतर मार्ग व्यवस्थित नोंदला गेला, पावसाळ्यात मात्र ओल्या दाट झाडीखाली तो ठिकठिकाणी भरकटला. फोन झोपला की नोंद थांबते, ही अडचण अजून सुटलेली नाही. पडदा सतत चालू ठेवला तर गडावर पोहोचेपर्यंत बॅटरी निम्म्याखाली येते, म्हणून पॉवर बँकेशिवाय मी निघत नाही.