गच्चीवरच्या उन्हात लॅपटॉप: सनबोर्डचा हूड, मॅट फिल्म आणि गडद शर्ट

रूफटॉप सोलरच्या कामात लॅपटॉप ऑफिसपेक्षा गच्चीवरच जास्त उघडतो. इन्व्हर्टरची सेटिंग्ज भरायची, स्ट्रिंगचे (एका रांगेत जोडलेल्या पॅनेल्सचे) व्होल्टेज बघायचे, आणि तेही ऐन दुपारी, कारण पॅनेल जोरात चालतात तेव्हाच तपासणीला अर्थ. त्यात पायाखाली पांढरी चायना मोझॅक. उन्हात स्क्रीन वाचता यावी म्हणून हिवाळ्यापासून अख्खा उन्हाळा घरगुती उपाय वापरले, त्यांतून काय टिकलं ते सांगते.

ब्राइटनेसच्या मागे लागू नका. साध्या लॅपटॉपची स्क्रीन २५० ते ३०० निट्सची (निट म्हणजे पृष्ठभाग किती उजळ दिसतो त्याचं माप) असते. भर उन्हात जमिनीवर १,००,००० लक्सच्या (पडणाऱ्या प्रकाशाचं माप) आसपास प्रकाश पडतो, त्यात पांढरा शर्ट साधारण २५,००० निट्सने चकाकतो. स्क्रीनची चकचकीत काच त्यातला सुमारे ४ टक्के परत फेकते, म्हणजे १,००० निट्स. तीनशेचं अक्षर त्याखाली दिसणार कसं? म्हणून स्क्रीनसमोर काय आहे ते आधी बदलायचं. मी साइटवर आता गडद निळा शर्टच घालते. फुकटचा उपाय, आणि फरक लगेच कळतो.

खरा आधार हूडचा, म्हणजे स्क्रीनभोवती सावली धरणाऱ्या आडोशाचा. फ्लेक्सवाल्याकडून ३ मिमी सनबोर्डचे (फलकांसाठी वापरतात त्या हलक्या फोम शीटचे) उरलेले तुकडे आणले. वरचं छप्पर आणि दोन बाजू, कडांना कापडी टेप, म्हणजे घडी होऊन बॅगेत जातो. आतून काळं मखमली कापड चिकटवलं. नुसता काळा रंग दिला तर तिरप्या उन्हात तोही चमकतो. मखमलीचे तंतू प्रकाश गिळतात. हूडची खोली किमान स्क्रीनच्या उंचीएवढी हवी, उथळ हूडमध्ये ऊन शिरतंच. वर मागच्या बाजूला फट ठेवली आहे, नाहीतर आत उष्णता कोंडते. एलसीडी फार तापली की द्रवस्फटिकांची रचना मोडते आणि काळे डाग दिसू लागतात. गार झाल्यावर बहुधा जातात. वारा सुटला की मात्र एका हाताने हूड धरावा लागतो, त्याला अजून चांगला तोडगा मिळालेला नाही.

मॅट फिल्मचं, म्हणजे स्क्रीनवर चिकटवायच्या बिनचमकीच्या फिल्मचं, कौतुक जरा जास्तच होतं. ती परावर्तन कमी करत नाही, पसरवते. सावलीत उत्तम, कारण मागच्या टाकीची रेखीव प्रतिमा जाते. पण थेट ऊन पडलं की सगळी स्क्रीन दुधाळ होते आणि बारीक आकडे फिसकटतात. हूडसोबत ठेवली आहे, एकटी असती तर काढली असती.

टॅब्लेटवाल्यांसाठी एक महत्त्वाचं: फक्त कडांना गोंद असलेली टेम्पर्ड ग्लास लावू नका. मध्ये हवेचा थर राहतो आणि परावर्तन करणारे आणखी दोन पृष्ठभाग तयार होतात. पूर्ण गोंदाची घ्या.

डार्क थीम उन्हात बंद. पांढऱ्यावर काळी अक्षरं, फाँट मोठा. पोलराइज्ड गॉगल घेणार असाल तर दुकानातच तो घालून आपली स्क्रीन आडवी-उभी फिरवून बघा. एका कोनात ती पूर्ण काळी पडू शकते.

लॅपटॉपच्या स्क्रीनमागचा बॅकलाइट (आतला दिवा) काढून उन्हालाच बॅकलाइट करण्याचा प्रयोग लोक करतात. कामाच्या लॅपटॉपवर मी तो करणार नाही: ढग आला की काम थांबलं.