गोमुखामागची मोटर आणि माझे १०,६५० रुपये

आधीच सांगून टाकतो, माझं पंपांच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायचं दुकान आहे. अमळनेरात, बावीस वर्षं. पाण्याखालची सबमर्सिबल, जमिनीवरची मोनोब्लॉक, जे येईल ते भरतो. पाठ करून बसलो तरी कोणती मोटर चालू झाली ते मला आवाजावरून कळतं. आणि अशा मला एका माणसानं मोनोब्लॉकचं पाणी नैसर्गिक गरम झरा म्हणून विकलं. हसायचं तर हसून घ्या. बायकोचं हसून झालंय, दाजींचं अजून चालू आहे.

डिसेंबरातला शेवटचा रविवार. पुण्याहून बहीण, दाजी आणि भाची आलेली. दाजींचं दरवेळचं एक वाक्य ठरलेलं आहे, ‘तुमच्या खान्देशात बघायला आहे काय? ऊन?’ या वेळी त्यांना फरकांड्याचा झुलता मनोरा आणि पद्मालयाचा गणपती दाखवायचा असा बेत होता. डबासुद्धा ठरला होता. पण शनिवारी रात्री मोबाइलवर एका कृषी पर्यटन केंद्राची रील आली. सातपुड्याचा पायथा, दगडी गोमुख, वाफाळतं पाणी, मागे बासरी. ‘पौराणिक काळापासूनचा नैसर्गिक उष्ण झरा, सोबत अस्सल खान्देशी जेवण.’ बेत मीच बदलला. आईचे गुडघे दुखतात, तिला गरम पाण्यात पाय सोडून बसता येईल, असंही वाटलं.

मला कोणी बावळट म्हणायच्या आत एक सांगतो. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला गरम पाण्याचे झरे खरोखर आहेत. अडावदजवळचं उनपदेव कोणाला माहीत नाही? रामानं शरभंग ऋषींसाठी बाण मारून पाणी काढलं, ही गोष्ट ऐकत आम्ही लहानपणी तिथल्या गोमुखाखाली उभे राहिलोय. सुनपदेव आहे, नाझरदेव आहे. मग त्याच डोंगरात आणखी एक झरा निघाला तर शंका घ्यायची कशाला? पुण्याचा माणूस फसतो तो माहिती नसते म्हणून. मी माहिती होती म्हणून फसलो.

दारावर गाडीमागे ५० रुपये पार्किंग, दोन गाड्यांचे १००. प्रवेश आणि जेवण मोठ्यांना ६५०, मुलांना ४००. आम्ही पाच मोठे, तीन मुलं, म्हणजे ४,४५०. आत गेल्यावर कळलं की कुंडात उतरायचे माणशी १५० वेगळे. आठ जणांचे १,२००. रीलमध्ये हे कुठंच नव्हतं. दारात पैसे भरून आत घेतलेल्या माणसाकडून पुन्हा पैसे मागायला लागले की तिथूनच परत फिरा. मी फिरलो नाही, दाजी बघत होते.

जेवण ठीक होतं. भरीत पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजलेलं म्हणून सांगितलं आणि स्वयंपाकघराच्या मागे गॅसच्या टाक्यांची रांग दिसत होती. ते मी सोडून दिलं. आजकाल लग्नातसुद्धा गॅसवरचंच असतं.

आता ज्या गोष्टीमुळे रात्री झोप लागत नाही ती. दुपारी दीडच्या सुमारास आम्ही सगळे कुंडात. आई कडेला पाय सोडून बसलेली. आणि लाइट गेली. स्पीकरवरचं भजन अर्ध्या ओळीत तुटलं, जेवणाच्या शेडमधले पंखे मंदावले आणि गोमुखातली धार बारीक होत होत थांबली. एकाच वेळी. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. भाचीनं विचारलंसुद्धा, ‘मामा, झऱ्याचीपण लाइट गेली का?’ नऊ वर्षांची पोर! आणि मी, बावीस वर्षांचा अनुभवी कारागीर, तिला सांगतोय की जमिनीखालचा दाब कमी-जास्त होत असतो, उष्ण झरे असेच थांबून थांबून वाहतात. तिथला मॅनेजर लगेच माझी री ओढतो, ‘बरोबर बोलले साहेब, दुपारी देव विश्रांती घेतो.’ साहेब म्हटलं की आपण फुगतो. फुगलो.

दहा-बारा मिनिटांनी लाइट आली. भिंतीमागे स्टार्टरचा खटका पडला. मी ऐकला. खोटं बोलत नाही, मी तो ऐकला. मग गोमुख दोनदा फुर्रफुर्र करून हवा थुंकलं, आधी कोमट पाण्याचा लोट आला आणि मग गरम धार लागली. पाइपात थांबून निवलेलं पाणी आधी आणि टाकीतलं मागून. गिऱ्हाइकाच्या विहिरीवर हेच बघितलं असतं तर मी खाटेवरून न उठता सांगितलं असतं की तुझा व्हॉल्व्ह पाणी धरत नाही, पाइप अर्धा रिकामा होतोय. तिथं मला वाटलं, बघा, देव उठला.

माझ्या बाजूनं एवढंच म्हणेन की अंगावर ओला टॉवेल, चारी बाजूंनी पोरांचा आरडाओरडा आणि समोर आई इतक्या महिन्यांनी गुडघा चोळत हसतेय, अशा वेळी माणूस दुकानातले कान लावून बसत नाही. कुंडामागे धूरही निघत होता. विचारलं तर म्हणाले, जेवणाची चूल. आणि जेवण तर गॅसवरचं, हे मी स्वतः बघून आलो होतो. दोन आणि दोन माझ्यासमोर ठेवलेले होते, चार म्हणायचं राहिलं.

बाहेर पडायची वाट दुकानातूनच. ही चाल आता सगळ्यांना माहीत आहे तरी आपण त्याच वाटेनं जातो. ‘झऱ्यातली औषधी माती’, डबी ३५० रुपये. दोन घेतल्या, ७००. मग दगड. अजिंठ्याला जाताना फर्दापूरच्या फाट्यावर दगड विकणारे गाडीमागे लागतात, ते आपण सगळ्यांनी बघितलेत. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत स्फटिक खरोखर सापडतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट ही नावं जळगाव भागात दगडाचा धंदा करणाऱ्यांच्या तोंडात असतात. हा विक्रेताही तेच बोलला. लाव्हा, साडेसहा कोटी वर्षं, वायूचे बुडबुडे. जे बोलला ते खरं होतं. हातात दिला तो दगड तेवढा खोटा होता. बाहेरून खडबडीत काळा, आत जांभळ्या टोकांची दाटी. मी १,८०० चा एक घेतला. बहिणीला दोन आवडले, १,२०० चे. ते पैसे मीच दिले, माहेरची भेट म्हणून. २,४००. म्हणजे दगडांचे ४,२००.

बेरीज करून बघा. १०,६५० होतात. बिल मिळालं फक्त ४,४५० चं, हातानं लिहिलेलं, त्यावर ना जीएसटी नंबर ना पत्ता. बाकीचं सगळं क्यूआरवर. स्कॅन केल्यावर केंद्राचं नाव यायला हवं, तिथं भलत्याच बाईचं नाव आलं. तेव्हाच थांबायला हवं होतं. तुम्ही थांबा. आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढं तोच कामाला येतो.

अजून एक लाज बाकी आहे. काउंटरवर पाटी होती, पाच तारे देऊन दाखवा आणि पाण्याची बाटली फुकट न्या. मी दिले. वर ‘अद्भुत, सहकुटुंब अवश्य भेट द्या’ असंही लिहिलं. वीस रुपयांच्या बाटलीसाठी. तेव्हा पाच तारे बघून कुठं जाणार असाल तर त्यातले किती बाटलीचे असतील त्याचा विचार करा. एक तारा देणाऱ्यांचं आधी वाचा, रागावलेला माणूस तपशिलात लिहितो.

मंगळवारी बायकोनं दगडावरची धूळ जावी म्हणून तो नळाखाली धरला. मोरीत जांभळं पाणी. तिला वाटलं थोडा रंग लावला असेल, म्हणून तिनं तो बादलीत बुडवून ठेवला. संध्याकाळपर्यंत टोकं बोथट झाली, मधला एक गड्डा सुटून तळाला बसला आणि खाली पांढरा चिकट थर उघडा पडला. आईनं एक कण उचलून जिभेला लावला. ‘हाई तं तुरटी शे रे!’ न्हाव्याकडे असते ती तुरटी. शाईच्या पाण्यात वाढवून काळ्या दगडाच्या वाटीत चिकटवलेली. १,८०० रुपये. बाजारात तेवढ्या पैशांत आयुष्यभर दाढी होईल एवढी तुरटी येते.

दगड घ्यायचाच असेल तर नखानं ओरखडून बघा. नखानं चरा पडला तर स्फटिक म्हणून घेऊ नका. ओला रुमाल फिरवा. विक्रेता ‘पाणी लावू नका, चमक जाते’ म्हणाला तर त्यानं कबुलीच दिली असं समजा.

तुरटी निघाल्यावर मला भिंतीमागचा खटका आठवला. त्या भागात मोटारी भरणारा एक ओळखीचा आहे, त्याला फोन लावला. तो हसत सुटला. ‘गोमुखाची मोटर का? यंदा दोनदा भरली मी. गरम पाण्यानं सील टिकत नाही.’ मागे पत्र्याची शेड आहे, लाकडावरचा मोठा बंब आहे, पाणी बोअरचं. त्याचं बिल ते लोक वेळेवर देतात म्हणे.

आता सरकारी दारं. ठाण्यात गेलो. हवालदारानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘पानी गरम व्हतं ना भाऊ?’ म्हटलं, होतं. ‘मंग?’ त्यांच्या मते गरम पाणी सांगितलं, गरम पाणी दिलं, व्यवहार पूर्ण. मी म्हटलं, नैसर्गिक म्हणून सांगितलं, हे पूर्वीचं ४२०, आताचं कलम ३१८. तर म्हणे तुम्हाला कलमं येतात, मग कोर्टातच जा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागितला तर शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी साहेब होते, चावी नव्हती. ग्रामपंचायतीत म्हणाले, गावाला रोजगार मिळतोय, तुम्हाला काय त्रास आहे? तहसीलला म्हणाले, जमिनीची तक्रार असेल तर द्या, झऱ्याची आम्ही घेत नाही. मी म्हटलं, झरा नाहीच, हीच तर तक्रार आहे. ‘मग तर आमच्याकडे नाहीच नाही.’ पर्यटनाच्या कार्यालयात फोन केला, त्यांनी मेल करायला सांगितला. मेल केला. आठ दिवसांनी फोन केला तर म्हणे मेलची प्रत टपालानं पाठवा. पाठवली. आता ज्यांच्याकडे फाइल आहे ते रजेवर आहेत. कृषी पर्यटन केंद्र म्हणून २०२० च्या धोरणात नोंदणी केलेली असते, तिचं प्रमाणपत्र असतं. या केंद्राकडे ते आहे की नाही, एवढाच माझा प्रश्न होता. हो किंवा नाही. दीड महिना झाला. पेट्रोल, झेरॉक्स, टपाल मिळून ८९० रुपये गेले, ते वरच्या बेरजेत धरलेले नाहीत. आणि दुकान बंद ठेवलेले दिवस कोण धरणार?

माणसासारखं उत्तर मिळालं ते १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनवर. त्या ताईंनी तक्रार नोंदवून घेतली आणि दमदाटी न करता सांगितलं की जिल्हा ग्राहक आयोगात जा. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. कागद जमवतोय. बादलीतला उरलेला दगड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवलाय, कोणी टाकू नये म्हणून वर ‘पुरावा’ लिहिलंय. बहिणीला फोन केला की तुझे दोन्ही दगड ओले करू नकोस. दाजी मागून म्हणाले, ‘एकानं तर मी दाढी केली.’

त्यांनी सरळ लिहावं की हा कृत्रिम कुंड आहे, पाणी बंबावर तापवलेलं आहे. मी १५० देऊन डुंबलो असतो, तक्रार केली नसती. आई तर अजून म्हणते गुडघा दोन दिवस मोकळा होता.

माझे पाच तारे मी काढून एक केला आणि मोटारीसकट सगळं लिहिलं. मालकाचं खाली उत्तर आलं की हे गृहस्थ आमच्याकडे कधी आलेलेच नाहीत. काल एका मित्रानं रस्त्यावरून फोटो पाठवला. केंद्राच्या फाट्यावर नवा फ्लेक्स लागलाय, ‘अमळनेरचे उद्योजक म्हणतात, अद्भुत!’ आणि खाली कुंडात पाय सोडून हसत बसलेली आमची आई, त्यांच्याच फोटोग्राफरनं ‘फ्री’ म्हणून काढलेली. वकिलाला विचारायचं म्हणून मी तो फोटो घरात दाखवला. आईनं मोबाइल जवळ धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, ‘फोटू मातर बेस येल शे.’