टीव्हीखालची लिटरभर पेटी: जुन्या लेनोवो टायनीचा आठ महिन्यांचा वापर

आधीच सांगतो: टीव्हीवर फक्त ओटीटी बघायचं असेल तर जुना छोटा संगणक टीव्हीला जोडायची ही खटपट करू नका, टीव्हीत खोचायची साधी स्टिक घ्या. लिनक्सवर वाइडवाइन या कॉपी रोखणाऱ्या कुलपाची वरची, एल१ पातळी मिळत नाही, त्यामुळे ओटीटीचं चित्र खालच्या दर्जावर अडतं आणि त्याला सरळ उपाय नाही. ज्यांच्या कपाटात नाटकांच्या व्हीसीडी, डीव्हीडी, लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फायली आणि दोन-तीन हार्डडिस्क पडून आहेत, ही पेटी त्यांच्यासाठी.

यंत्र म्हणजे लेनोवो थिंकसेंटर एम७१०क्यू टायनी. प्रोसेसर आय५-७५००टी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एनव्हीएमई एसएसडी. लांबी-रुंदी १८ सेंटीमीटरच्या आसपास, जाडी साडेतीन. सातव्या पिढीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून कंपन्यांनी अशा पेट्या ढिगाने काढल्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात चौकशी केली तर मिळतात. या पेटीला अडॅप्टरसकट ९,००० रुपये पडले. २ टीबीची डिस्क, डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर आणि रिमोट धरून एकूण साधारण १६,०००.

सहावी पिढी हजार-दीड हजाराने स्वस्त मिळते, पण तो मोह टाळा. १०-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायचा एक प्रकार) हार्डवेअरवर नीट उलगडतं ते सातव्या पिढीपासून. सहावीत ते काम बऱ्याच अंशी प्रोसेसरवर येतं आणि पंखा लगेच बोलू लागतो. आय५ हवाच असंही नाही, आय३-७१००टी पुरतो. एव्ही१ हा त्याहून नवा प्रकार मात्र या पिढीत हार्डवेअरवर नाहीच. ते हवं असेल तर इंटेल एन१०० प्रोसेसरची नवी पेटी बघावी.

दुकानातच पेटी सुरू करून एफ१ दाबा. बायोसने (यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्याने) पासवर्ड मागितला तर तिथेच परत द्या. कंपनीतून आलेल्या पेट्यांवर जुना सुपरवायझर पासवर्ड राहिलेला असतो आणि 'घरी गेल्यावर निघेल' असं सांगणारा विक्रेता पुढे फोन उचलत नाही. अडॅप्टर ६५ वॅटचा, चपट्या चौकोनी टोकाचा असतो. तो वेगळा घ्यायचा म्हटलं तर हजारेक रुपये जातात.

आता आवाज. शांत पेटी म्हणजे शांत पंखा, असं आपण धरून चालतो. इथे पहिल्या आठवड्यात जो घुमारा ऐकू यायचा तो पंख्याचा नव्हताच. पेटीच्या आत अडीच इंची हार्डडिस्क बसवायची जागा आहे आणि डिस्क तिथेच बसवली होती. डिस्क फिरते मिनिटाला ५,४०० फेऱ्यांनी, तिची थरथर पत्र्याला जाते, पत्र्याची प्लायवुडच्या टीव्ही युनिटला, आणि ते पोकळ युनिट तबल्याच्या खोडासारखं घुमतं. डिस्क बाहेर काढून यूएसबी खोक्यात घातली आणि खाली बोटभर जाडीचा मऊ फोम ठेवला, की घुमारा संपला. पेटीखालीही रबरी पाय लावावेत. आत ठेवायचीच असेल तर साटा एसएसडी ठेवा.

लिब्रेईएलईसी या पेटीवर टाकलेल्या छोट्या लिनक्समध्ये, ऑटोस्टार्ट फाइलमधून एचडीपार्म या डिस्कसाठीच्या आज्ञेला २४० हा आकडा दिला की २० मिनिटं काम नसताना डिस्क थांबते (एकक ५ सेकंदांचं आहे). काही यूएसबी खोकी हा हुकूम पाळत नाहीत, म्हणून खोकं घेताना परत करायची सोय बघावी.

पंख्याची पाळी त्यानंतर. जुन्या पेटीत प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. मागचा एक स्क्रू काढून झाकण सरकवायचं, हीटसिंक उतरवायचा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि नवी वाटाण्याएवढी लावायची. बायोसमध्ये पॉवर विभागात इंटेलिजंट कूलिंग आहे, तिथे 'बेटर अकूस्टिक परफॉर्मन्स' निवडा. एवढं केल्यावर रात्री सोफ्यावरून, म्हणजे तीनेक मीटरवरून, पंखा ऐकू येत नाही. अपवाद एप्रिल-मेचा: खोलीच ३५ अंशांवर गेली की दुपारी हलकी सळसळ होते, पण तेव्हा छताचा पंखा फुल असतो, त्यात ती विरून जाते. दार लावलेल्या कप्प्यात मात्र पेटी ठेवूच नका.

४के टीव्ही असेल तर इथे फसगत होते. या पेटीला नेहमीचे दोन डिस्प्लेपोर्ट १.२ आहेत, एचडीएमआय असलाच तर जोडपोर्ट म्हणून. दोनशे रुपयांच्या पॅसिव्ह कन्व्हर्टरवर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं, मेनूसुद्धा घसटत चालतो. 'अ‍ॅक्टिव्ह, एचडीएमआय २.०, ४के ६० हर्ट्झ' असं स्पष्ट लिहिलेला कन्व्हर्टर घ्या. एचडीआरची आशा धरू नका. एचडीआर फायली टोन मॅपिंगवर, म्हणजे चमक साध्या चित्राच्या मर्यादेत दाबून, बघाव्या लागतात आणि त्या मूळ झगमगाटाच्या दिसत नाहीत. १०८०पी टीव्ही असेल तर हा सगळा प्रश्नच नाही.

सॉफ्टवेअर लिब्रेईएलईसी १२, त्यात कोडी २१ हा प्लेअर. पेनड्राइव्हवर इमेज उतरवा, बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, एफ१२ ने पेनड्राइव्ह निवडा, इन्स्टॉल. पाच-दहा मिनिटांचं काम. एसएसडीवरचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्या.

त्यानंतर सगळ्यांत आधी बदलायची गोष्ट म्हणजे कोडीच्या प्लेअर विभागातला 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट', तो 'ऑन स्टार्ट/स्टॉप' वर ठेवा. आपल्याकडचे टीव्ही कार्यक्रम, व्हीसीडी, डीव्हीडी हे सगळं सेकंदाला २५ चित्रांचं. टीव्ही ६० हर्ट्झवर असेल तर २५ ने ६० ला भाग जात नाही, मग काही चित्रं दोनदा दिसतात, काही तीनदा. रंगमंचावर कॅमेरा आडवा फिरला की पडदा अडखळत सरकतो तो त्यामुळेच, आणि लोक दोष देतात फायलीला. ५० हर्ट्झवर प्रत्येक चित्र बरोबर दोनदा. चित्रपट २४ चे, त्यांना २३.९८ किंवा २४. सिस्टमच्या डिस्प्ले विभागातल्या व्हाइटलिस्टमध्ये २३.९८, २४, ५०, ५९.९४ आणि ६० वर टिक करा. दर बदलताना टीव्ही दोन सेकंद काळा होतो आणि पहिलं वाक्य हुकतं, म्हणून तिथलाच 'डिले आफ्टर चेंज ऑफ रिफ्रेश रेट' अडीच सेकंदांवर न्या. काळा रंग राखाडी दिसत असेल तर लिमिटेड कलर रेंजचा पर्याय उलटा करून बघा. कडा कापल्या जात असतील तर दुरुस्ती टीव्हीत करा, 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' नावाने. कोडीत नको.

व्हीसीडी उतरवताना लिनक्सवर साधी कॉपी अर्ध्यात मोडते, कारण चित्राचा भाग वेगळ्या प्रकारच्या सेक्टरवर लिहिलेला असतो. त्यासाठी व्हीसीडीइमेजरमधलं व्हीसीडीएक्सरिप वापरा. नाटक तीन डिस्कांवर असेल तर फायलींच्या नावांना रोमन अक्षरांत शेवटी सीडी१, सीडी२, सीडी३ जोडा आणि 'कम्बाइन स्प्लिट व्हिडिओ आयटम्स' सुरू करा. तिन्ही अंक एकच नाटक म्हणून लागतात. चित्र मुळात ३५२ बाय २८८ चं. मोठ्या पडद्यावर ते मऊच दिसणार, टीव्हीचा शार्पनेस वाढवून फक्त चौकोन उठतात.

डीव्हीडी आणि कॅसेटवरून उतरवलेलं साहित्य इंटरलेस्ड असतं, म्हणजे चित्र एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्यांत साठवलेलं. हात हलला की कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. कोडीत चालू व्हिडिओच्या सेटिंगमध्ये डीइंटरलेसची पद्धत व्हीएएपीआय मोशन अ‍ॅडॅप्टिव्ह किंवा मोशन कॉम्पेन्सेटेड ठेवा. नुसत्या बॉब या पद्धतीने बारीक रेषा थरथरतात. स्टुडिओवाल्यांनी कॅसेटवरून करून दिलेल्या फायलींवर कधी इंटरलेस्डची खूणच नसते, मग कोडीला पत्ता लागत नाही. अशा फायली हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये यादिफ फिल्टर, प्रीसेट बॉब, ५० फ्रेम, असं एकदा बदलून घ्या. एक चूक मात्र नंतर दुरुस्त होत नाही: दाते काढायच्या आधी चित्राचा आकार बदलणं. मूळ फाइल म्हणूनच पुसू नका.

मराठी सबटायटल कोडी २० पासून लिबअ‍ॅस या अक्षरं मांडणाऱ्या घटकामार्फत जातात, जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसतात. चौकोन दिसले तर नोटो सान्स देवनागरीची फाइल कोडीच्या मीडिया फोल्डरमधल्या फॉन्ट्समध्ये टाकून निवडा. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवलेली हवी.

साउंडबार टीव्हीच्या एआरसी या एचडीएमआय जोडणीवर असेल तर अनेक टीव्ही डीटीएस प्रकारचा आवाज पुढे पाठवतच नाहीत, नुसती शांतता येते. कोडीच्या पासथ्रूमध्ये (आवाज न उलगडता पुढे पाठवायच्या सेटिंगमध्ये) डीटीएस बंद आणि 'डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग' सुरू ठेवा, चॅनेल २.० वर.

रिमोट ही सगळ्यांत कंटाळवाणी बाजू. या पेटीत सीईसी नाही, टीव्हीच्या रिमोटने ती चालत नाही. फ्लर्कचा यूएसबी रिसीव्हर लावून घरातला एखादा जुना रिमोट शिकवता येतो. २.४ गिगाहर्ट्झचा स्वस्त रिमोट घेतला तर त्याचा डोंगल यूएसबी ३ च्या हार्डडिस्कशेजारी लावू नका. डिस्कच्या वायरीतला गोंगाट त्याच पट्ट्यात पडतो आणि बटणं हुकतात. हातभर एक्स्टेंशन वायरीने डोंगल दूर नेला की प्रश्न मिटतो.

वीज मेनूवर ९-१० वॅट, चित्रपट चालू असताना १३-१५. चोवीस तास चालू ठेवली तरी महिन्याला सातेक युनिट. वीज जाणाऱ्या भागात डिस्क एक्सफॅट फॉरमॅटवर ठेवू नका, त्याला जर्नल (बदलांची नोंदवही) नसतं आणि लिहितानाच वीज गेली तर फोल्डर गायब होतात. ईएक्सटी४ ठेवा, आणि विंडोजवर लावायचीच असेल तर एनटीएफएस. बायोसमध्ये 'आफ्टर पॉवर लॉस' ला 'लास्ट स्टेट' निवडलं की वीज आल्यावर पेटी आपोआप उभी राहते. दर सहा महिन्यांनी झाकण उघडून पंख्यावर ब्लोअर मारा, पाती बोटाने धरून, नाहीतर ती उलटी भरधाव फिरतात आणि बेअरिंग जातं.