बडोद्याचे विसावे शतक : दप्तरातून अभ्यासावे की घरांतून?

बडोद्याच्या मराठी समाजाचा विसाव्या शतकातील इतिहास अभ्यासायला घेणाऱ्याला लवकरच ठरवावे लागते, की बैठक कोठी कचेरीच्या दप्तर भांडारात आणि मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मारायची, की दांडिया बाजार, रावपुरा येथील जुन्या घरांत जाऊन वृद्धांना बोलते करायचे. 'दोन्ही करा' हा सल्ला बरोबर असला, तरी वेळ मोजका असणाऱ्याच्या तो उपयोगाचा नाही.

दप्तराचे बळ तारखेत आणि हुकुमात आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ती सक्ती संस्थानभर लागू केली, हे घरोघरी अभिमानाने सांगितले जाते. मुले शाळेत न पाठवणाऱ्या पालकांकडून दंड वसूल होत असे, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो, आणि त्यासाठी संस्थानचे वार्षिक अहवालच उघडावे लागतात. १९०६च्या कायद्यात सक्तीचे वय मुलांसाठी ७ ते १२, तर मुलींसाठी ७ ते १० होते. पणजीचे नाव तिच्या वडिलांनी दहाव्या वर्षी शाळेतून काढले, अशी त्या काळातील आठवण एखाद्या घरात निघाली, तर सगळा दोष त्या वडिलांच्या माथी मारण्यापूर्वी हा आकडा ठाऊक असावा. शाळा सुटल्यावर तिने घरात काय वाचले आणि कोणापासून लपवून वाचले, हे मात्र कोणताही अहवाल सांगणार नाही.

हुकूम आणि अनुभव यांतील अंतर सर्वांत तीव्रपणे दिसते ते डॉ. आंबेडकरांच्या बाबतीत. १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, एवढे कागद सांगेल. राहायला जागा न मिळाल्याने पारशी धर्मशाळेत उतरलेल्या त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथून बाहेर काढले, हे त्यांच्या स्वतःच्या निवेदनामुळे ठसठशीतपणे उरले आहे. दांडिया बाजारातील घरांत ही हकीकत ऐकायला मिळेलच असे नाही. आठवणींचा मार्ग निवडणाऱ्याने, कोणाच्या आठवणी, हा प्रश्न म्हणूनच आधी सोडवावा.

आठवणींचा दुसरा दोष असा, की त्या चांगले ते सारे महाराजांच्या नावावर जमा करतात. महाराज १९३९ मध्ये निवर्तले आणि विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. तरी विद्यापीठाला त्यांचे नाव असल्यामुळे ही गल्लत सहज होते.

दप्तर भांडारात जुन्या कागदांसाठी मोडी वाचता यायला हवी आणि कारभाराची भाषा म्हणून गुजरातीही हवी. ती तयारी असेल आणि विषय विलीनीकरणापूर्वीचा असेल, तर दप्तरच निवडावे. विषय १ मे १९४९ नंतरचा, म्हणजे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर आणि पुढे १९६० मध्ये गुजरात राज्य झाल्यावर मराठी कारकुनाच्या घरात काय बदलले, असा असेल, तर माझा कौल निःसंशय घरांकडे आहे; कारण या बदलासाठी संस्थानी दप्तर उपयोगाचे नाही आणि तो पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत.

घरी गेल्यावर मुलाखतीला बसण्याआधी जुनी ट्रंक उघडायला सांगावी. तीत लग्नपत्रिका जपल्या असतील, तर त्या वर्षांप्रमाणे लावून पाहाव्यात आणि मराठी पत्रिकेसोबत गुजराती पत्रिकाही छापून घ्यायची गरज या कुटुंबाला प्रथम कोणाच्या लग्नात भासली, तेथून विचारायला सुरुवात करावी.