जुन्या रिसीव्हरच्या नावाखाली ३८,५५० रुपयांना गंडा

जाहिरात बघून जुना रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच डब्यात) मागवला आणि फसलो. आकडे आधी सांगतो. टोकन ५,०००, उरलेले २९,०००, लाकडी पेटीत पॅकिंग १,८०० आणि ट्रान्सपोर्टचा ‘परत मिळणारा’ विमा २,७५०. एकूण ३८,५५०. विम्याचे पैसे परत मिळतात असं कोणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा.

टोकनचा खेळ सगळ्यांना पाठ आहे. ‘अजून दोघं मागे लागलेत’, ‘मी फौजेत आहे, बदली झालीये’ असल्या थापा मी कित्येकदा कापून काढल्यात. हा विकणारा तसा नव्हताच. मराठी बोलायचा, दादा म्हणायचा, घाई म्हणून करायचा नाही. उलट म्हणायचा, “दादा, निवांत विचार करा, माल कुठे पळून जात नाही.” अशा माणसावर संशय घ्यायचा तरी कसा?

आणि मी काही डोळे मिटून उडी मारली नव्हती. मला सत्तरच्या दशकातला रिसीव्हर हवा होता, स्वतः रिस्टोअर करायला. मॅरँट्झ कंपनीचा २२७० परवडण्याच्या पलीकडे गेलाय, म्हणून पायोनियर कंपनीचा. आउटपुटला, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या भागात, एसटीके आयसी (सगळे ट्रान्झिस्टर एकाच तुकड्यात) असलेला सेट घ्यायचा नाही, सुट्या ट्रान्झिस्टरचाच घ्यायचा, हेही पक्कं होतं. तो आयसी उडाला की अस्सल मिळत नाही, डुप्लिकेट गळ्यात मारतात. त्याने झाकण उघडून फोटो पाठवले. हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) सुटे ट्रान्झिस्टर, दोन मोठे फिल्टर कपॅसिटर, कुठे फुगवटा नाही की गळती नाही. व्हिडिओ मागितला, तोही आला. स्विच दाबल्यावर तीन-चार सेकंदांनी प्रोटेक्शन रिलेचा (सगळं ठीक असेल तरच स्पीकर जोडणाऱ्या स्विचचा) ‘टक्’ ऐकू आला. ज्याला यातलं कळतं तो याहून वेगळं काय बघणार?

आता तो व्हिडिओ. आजही बघितला की कानशिलं तापतात. रिले वाजतो, निळ्या-हिरव्या डायलवर काटा ८४ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि एका खासगी एफएमचा निवेदक जोरजोरात बडबडतोय. डायलवर आकडे ७६ ते ९०! म्हणजे सेट जपानच्या देशी बाजारासाठी बनलेला. आपल्याकडच्या खासगी वाहिन्या ९१च्या पुढे असतात. ८४वर त्या लागणार कशा? मी हे विचारलंही होतं, बरं का. तो म्हणाला, “दादा, ट्यूनर सरकवून घेतलाय.” आपली स्टेशनं लागावीत म्हणून असं करून देणारे मेकॅनिक खरोखर असतात, म्हणून ते पटलं. पण स्टेशन खणखणीत वाजत असताना सिग्नल मीटरचा (स्टेशन किती जोरात पकडलंय ते दाखवणारा) काटा शून्यावर पडलेला होता. त्यावर उत्तर, “मीटर अडकलाय.” मी मनातल्या मनात मीटरदुरुस्तीचा खर्च धरून किंमत ३८,५००वरून ३४,०००वर आणली आणि घासाघीस जिंकली म्हणून खूश झालो. तो आवाज सेटचा नव्हताच, मागे कुठेतरी मोबाइल वाजत होता, दुसरं काय!

रेकॉर्ड केलेला व्हिडिओ कधीच धरू नका. व्हिडिओ कॉल लावा, तुमच्या नावाची आणि तारखेची चिठ्ठी झाकण काढलेल्या सेटच्या आतल्या सांगाड्यावर ठेवायला सांगा आणि तुम्ही सांगाल तसा ट्यूनिंगचा नॉब फिरवायला लावा.

पेटी आली. सेटच्या मागच्या पट्टीवर ठसठशीत १०० व्होल्ट. हा बाबा मला ‘घरात थेट प्लगला लावतो’ म्हणाला होता. १०० व्होल्टचा सेट २३०वर लावला की ट्रान्सफॉर्मर गेलाच म्हणून समजा. झाकण उघडलं तर ट्रान्सफॉर्मरची जागा रिकामी, तांब्यासाठी काढून विकला असावा. वजन भरायला तिथे कुठल्याशा स्टॅबिलायझरचा गंजका ट्रान्सफॉर्मर खाकी टेपने बांधलेला, त्याच्या वायरी हवेत. आणि हीटसिंकवर काय, तर उखडलेल्या एसटीकेची रिकामी जागा. फोटोतला सेट वेगळाच होता.

यापुढचं खरं संतापजनक. बँकेत गेलो. “पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार तुमच्याच संमतीने झाला.” विषय संपला. पोलीस ठाण्यात सांगितलं, “माल आलाय ना? मग ही दिवाणी बाब.” अहो, भलताच माल दाखवून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? दुसऱ्या टेबलावर म्हणाले, समोरच्याचं खातं ज्या जिल्ह्यातलं तिथे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये, दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी असं स्वच्छ लिहिलंय. ते दाखवलं तर साहेब चिडले. एकाने तर हसून विचारलं, “जुन्या रेडिओला चाळीस हजार?” जणू गुन्हा मीच केला. अर्जावर पोचेचा शिक्का तेवढा मिळाला, तोही भांडून. शिक्क्याशिवाय हलू नका, आणि कलमं छापूनच न्या, तोंडी कोणी ऐकत नाही.

पैसे गेल्याचं कळताच १९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा, खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत. मी ट्रान्सपोर्टची वाट बघत बसलो, कारण पेटी उघडेपर्यंत कळणार तरी कसं होतं?

सेट समोर जाऊन बघणार असाल तर सिरीज लॅम्प (सेटच्या आधी जोडायचा बल्ब, शॉर्ट असेल तर जोरात पेटतो) आणि मल्टिमीटर सोबत न्या. व्होल्टेज आधी मागच्या पट्टीवर वाचा, मगच प्लग. स्पीकर जोडण्याआधी टर्मिनलवर डीसी ऑफसेट, म्हणजे तिथे नसायला हवा असा डीसी व्होल्टेज, मोजा. ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर तुमचा स्पीकर त्याला लावू नका. विकणारा ‘मीटर नको, विश्वास ठेवा’ म्हणाला तर पाकीट खिशातच राहू द्या.

आणि सावध राहा, तीच जाहिरात तेच फोटो लावून पुन्हा आलीये, फक्त भाव आता ३२,०००. चंदेरी पायोनियर, डायल ७६ ते ९०, ट्यूनिंग नॉबच्या खाली नखाएवढा ओरखडा. गावाचं नाव बदललंय, पहिला मेसेज मात्र तोच येईल: “दादा, निवांत विचार करा.”