भेळ की करंजी? संडेस्कूलमधल्या एका धड्यासाठी

मंडळीने, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांनी, मिळून काम करण्याचा धडा आला की संडेस्कूलचे शिक्षक स्वयंपाकघराकडे वळतात, आणि ते बरोबरच आहे. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा १२वा अध्याय (मंडळी म्हणजे एक शरीर, प्रत्येक जण त्याचा अवयव) नुसता वाचून शिकवायला गेलं, तर डोळा, कान, हात, पाय एवढं सांगून होतं आणि दहाव्या मिनिटाला मागची लेकरं खरोखरच एकमेकांचे कान ओढायला लागतात. त्यांच्या हाताला काहीतरी काम द्यावंच लागतं. द्यायचं काय, एवढाच प्रश्न.

आमच्या मराठवाड्यातल्या छोट्या मंडळ्यांमध्ये हा विषय निघाला की गाडी शेवटी दोन पदार्थांवर येऊन थांबते: भेळ किंवा करंजी. मी भेळ तीनदा केली आहे, करंजी दोनदा. वीस-बावीस लेकरं, वयं सहा ते चौदा, मदतीला एक तरुण संघातली ताई आणि महिला मंडळातल्या एक मावशी. तुमच्याकडची गणितं वेगळी असतील, तेव्हा पुढचं सगळं त्या हिशेबानंच वाचा.

बाकीचे पर्याय दोन वाक्यांत उरकतो. खिचडी किंवा डाळ-भात प्रीतिभोजनाला छान, पण त्यात लेकरांच्या वाट्याला पत्रावळ्या मांडण्यापलीकडे फारसं काही येत नाही. फळांच्या सॅलडचं कौतुक बरंच ऐकलं होतं, पण आमच्याकडे केळी कापेकापेपर्यंत निम्मी संपली.

आता भेळ. तिची बाजू भक्कम आहे, हे आधी कबूल करतो. विस्तव नाही, तेल नाही, पालकांची काळजी नाही. पाऊण तासात सुरुवातीच्या प्रार्थनेपासून हात धुण्यापर्यंत सगळं आटपतं. सहा वर्षांचं लेकरूही मुरमुरे ओतू शकतं. आणि धडा तर आयताच हातात येतो: प्रत्येकानं घरून एक जिन्नस आणायचा, सगळं एका पातेल्यात पडायचं, आणि नुसत्या मुरमुऱ्यांची किंवा नुसत्या चिंचेची भेळ होत नाही, हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. आपल्या भाषेत तर आणखी सोय आहे. चर्च म्हणजे इमारत नव्हे, हे इतरांना घसा कोरडा करून सांगावं लागतं; आपण चर्चला मुळातच ‘मंडळी’ म्हणतो. पातेल्याभोवती कोंडाळं करून बसलेल्या लेकरांना मी फक्त विचारायचो, ‘‘काय मंडळी, मंडळी कुठाय?’’ दोन वर्षं हे फार छान चाललं.

तिसऱ्या वर्षी जे झालं, त्यानं माझ्यापुरता निकाल लावला. तेवढं जरा सविस्तर सांगतो.

नाताळाआधीच्या आगमनकाळातला रविवार होता. ज्यांना आमचा भाग माहीत आहे त्यांना त्या दिवसांचा अर्थ कळेल. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या उचलतात, आईबाप कोयता घेऊन कारखान्यांकडे जातात ते होळीच्या आगेमागेच परततात, आणि शाळेत जाणारी लेकरं गावात आजी-आजोबांजवळ राहतात. आमच्या संडेस्कूलमध्ये अशी चार-पाच तरी असतातच. मी मात्र आदल्या रविवारी नेहमीसारखं सांगून मोकळा झालो होतो, ‘‘एकेक जिन्नस आणा रे, जमेल तो.’’

‘जमेल तो’ हे दोन शब्द लेकरांच्या कानात शिरत नाहीत. एकानं अर्धा किलो फरसाण आणलं, दुकानातलं, छापील पिशवीत. एकीनं डाळिंब आणलं. शेवेच्या पुड्या तर इतक्या आल्या की भेळेत शेव नव्हे, शेवेत भेळ झाली असती. आणि एक नऊ वर्षांचा पोरगा दाराच्या चौकटीपाशीच थांबला. हात मागे. मी बोलावलं तेव्हा त्यानं मूठ पुढे केली. वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी, तिच्यात मीठ आणि दोन हिरव्या मिरच्या. ‘‘सर, आजीनं एवढंच देलंय.’’

कुणी हसलं नाही. हसले असते तर मला रागावता तरी आलं असतं. त्याच्या शेजारच्यानं साधा प्रश्न विचारला, ‘‘तू काय आणलंस?’’ आणि स्वतःच्या फरसाणाच्या पिशवीकडे बघितलं, एवढंच. मी मिठाचं महत्त्व सांगायला लागलो, मीठ नसेल तर भेळ कशी लागेल वगैरे, आणि बोलता बोलताच कळलं की हे मी त्या लेकराला नाही, स्वतःला सांगतोय. भेळ झाली, खाल्ली, फोटो निघाले. पुढचे दोन रविवार तो आलाच नाही. नंतर आजी बाजारात भेटल्या, म्हणाल्या, ‘‘त्याला वाटतंय, तितं दरवेळी काही न्यावं लागतंय.’’

घरी येऊन मी पुन्हा पत्र उघडलं. आपण १२वा अध्याय शिकवतो, पण त्याच्याआधी ११वा आहे, आणि त्यात पत्र लिहिणारा प्रेषित पौल नेमका याच गोष्टीवरून करिंथकरांवर चिडला आहे. सगळे एकत्र जमतात, पण जो तो आपापलं जेवण आधी उरकतो, कुणी उपाशी राहतो तर कुणी तर्र होतो, आणि ज्याच्याजवळ काही नाही त्याला लाजवलं जातं. अवयवांचं ते सुंदर चित्र येतं ते या वैतागानंतर. बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातही तेच. सात माणसं निवडली गेली ती रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, या तक्रारीवरून. म्हणजे मंडळीतल्या कामाची पहिली रीतसर वाटणी झाली ती पंगतीवरून, आणि मी तोच धडा शिकवताना वाढण्यात चूक केली होती.

यावर सोपा उपाय आहे, तो मलाही सुचवला गेला: सगळं सामान मंडळीच्या पैशातून आणा. चार-पाचशे रुपयांत भागतं. पण मग लेकरांनी करायचं काय? कांदा-टोमॅटो चिरायला सुरी द्यायची नाही म्हणून ते ताईनं आधीच चिरून ठेवलेलं, चिंचेचं पाणी घरून आलेलं, उरतं कालवणं. ते एकच पोरगं करतं आणि बाकीची एकवीस बघतात. सगळं पाच मिनिटांत. त्यात मध्येच पाळकसाहेब दोन शब्द बोलायला आले, तर मुरमुरे मऊ पडतात ते वेगळंच. माझ्या मते भेळेची खरी अडचण हीच आहे: तिच्यात लेकराचा वाटा म्हणजे त्यानं काय आणलं ते; काय केलं ते नव्हे. काही मंडळ्यांमध्ये सगळ्यांची घरं सारख्याच बेताची असतील, तिथं हे कदाचित जाणवणारही नाही. आमच्याकडे जाणवलं.

म्हणून पुढच्या नाताळाला करंजी घेतली.

करंजीचे तोटे मोठे आहेत, ते लपवत नाही. अडीच तास लागतात, उपासनेनंतर जमत नाही, शनिवार दुपार काढावी लागते. तूप, सुकं खोबरं, खसखस धरून खर्च भेळेच्या दुपटीहून जास्त. तळण मोठ्यांकडेच, आणि कढईपासून चार हातांवर बाक आडवा टाकून ठेवायचा. सहा-सात वर्षांच्यांना त्यातलं फारसं जमत नाही. सारणावर बसवलेलं पोरगं सारण खातं. याला इलाज नाही, खोबरं पावशेर जास्त किसा.

पण घरून कुणालाच काही आणायचं नसतं. येताना फक्त हात धुऊन यायचे. आणि काम सगळ्यांना पुरतं: एकानं लाट्या करायच्या, दोघांनी लाटायचं, एकानं सारण भरायचं, एकानं कडेनं दुधाचं बोट फिरवून मिटवायचं, एकानं कातण फिरवायचं, एकानं ताटात मांडून ओल्या फडक्यानं झाकायचं. असे तीन गट केले की बावीस लेकरांत रिकामं जवळपास कोणी उरत नाही. यातलं कुठलंच काम एकट्याच्या वेगानं चालत नाही, ही गंमत त्यांना स्वतःलाच कळते. लाटणारे जोरात सुटले तर पाऱ्या सुकतात आणि मग काठ चिकटत नाहीत. ‘‘ए, दमानं लाट ना!’’ हे मला एकदाही म्हणावं लागलं नाही, सारणवालेच ओरडत होते.

पहिल्या वर्षी तो मिठाच्या पुडीवाला फडक्यावर होता. मुद्दाम नव्हे, चिठ्ठ्या टाकल्या, त्यात ते आलं. त्याला ते अजिबात आवडलं नाही. ‘‘सर, निस्तं झाकायचंच का?’’ मी हो म्हणालो, कारण खरंच तेवढंच होतं. अर्धा तास त्यानं झाकलं, मग बाहेर क्रिकेट सुरू झालं आणि तो निघून गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. डिसेंबरातली आपल्याकडची हवा कोरडी, फडकं वाळलं, ताटातल्या करंज्यांचे काठ सुकून उकलायला लागले. मावशींनी पुढचा घाणा सोडला आणि दोन करंज्या तेलात फुटल्या. ज्यानं कधी करंज्या तळल्या आहेत त्याला पुढचं सांगायला नको: सारणातली साखर जळली, तेल काळं पडलं, आणि त्या घाण्यातल्या चांगल्या, नीट मिटलेल्या करंज्यांनाही काळे ठिपके आले.

मावशी म्हणाल्या, ‘‘फडकं कुठाय?’’ मग सगळी पोरं एकदम त्याच्या नावानं ओरडायला लागली. तो बॅट टाकून पळत आला तेव्हा कढई उतरवलेली होती आणि तेल गाळणं चालू होतं. त्यात अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात एका मुलीनं आपणहून विचारलं, फुटल्या दोनच, मग बाकीच्या का खराब झाल्या? मी बायबल उघडून तिलाच १२व्या अध्यायातलं २६वं वचन वाचायला दिलं, एक अवयव दुखावला तर सगळेच दुखावतात ते. पुढे काही बोललो नाही. तसंही सगळ्यांचं लक्ष गाळण्याकडे होतं.

भेळेच्या तिन्ही वर्षांत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिथं काही बिघडतच नाही, हा तिचा गुण, आणि या धड्यापुरता मला तो थोडा दोष वाटतो.

करंजीबरोबर बायबलमधला आणखी एक उतारा चांगला जातो, नहेम्याच्या पुस्तकाचा ३रा अध्याय. यरुशलेमची भिंत बांधायला सोनार येतात, अत्तरवाले येतात, शल्लूम आपल्या मुलींना घेऊन येतो, आणि बरेच जण आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधतात. तकोवा गावाचे सरदार तेवढे कामाला खांदा लावत नाहीत. आमच्याकडे आता सारण खात बसणाऱ्याला ‘तकोवाचा सरदार’ म्हणतात. हे मी शिकवलेलं नाही.

तरीही भेळ सरसकट बाद करू नका. मे महिन्यातल्या सुट्टीच्या बायबल शाळेत मी आजही करंजीचं नाव काढणार नाही. त्या उन्हात कढईपाशी कोण बसणार, आणि भांडी घासायला पाणी कुठून आणणार? ज्या भागात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं कागदावर खाऊन संपणाऱ्या पदार्थाला मान दिलाच पाहिजे. सगळी लेकरं आठच्या आतली असतील, किंवा हाताशी तळणारं माणूस नसेल, तरीही भेळच बरी. फक्त सामान मंडळीचं ठेवा आणि ‘घरून आणा’ हे शब्द तोंडातून काढू नका. मुरमुऱ्यांचाच सुशीला, म्हणजे पोह्यांसारखा फोडणीचा पदार्थ, हा मधला मार्गही आहे: मुरमुरे भिजवणं, पिळणं, दाण्याचं कूट करणं, एवढं तरी लेकरांच्या हाती राहतं, आणि फोडणी एकदाच.

नाताळाआधीचा शनिवार मोकळा असेल आणि तळायला एक खमकी मावशी असेल, तर मी म्हणेन करंजीच घ्या. १ किलो रवा-मैद्यात आमच्या हातच्या साधारण साठ होतात, म्हणजे लेकरांना खाऊन मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांसाठीही उरतात. ठिपक्यांच्या त्यांनाच द्या, ते काही म्हणत नाहीत. कातणी मात्र प्रत्येक गटाला वेगळी हवी. आम्ही पहिल्या वर्षी तीन गटांत एकच नेली होती, आणि बाराव्या अध्यायाची सुरुवात दोन पोरींची वेणी सोडवण्यापासून करावी लागली.