तुळशीबागेत दीड हजारात सव्वा वर्षाच्या पोराची दिवाळी: पाचपैकी चार

गेल्या दिवाळीला आमचं पोरगं दुपट्यात होतं, त्यामुळे खरी दिवाळी ही पहिलीच. आधी ऑनलाइन कार्ट भरलं होतं, गाणी वाजणारं, लाइट लागणारं सगळं, बिल झालं २,८००, आणि नवरा म्हणाला बघ हप्ते पाडून देतात का. मग ते सगळं उडवलं, दीड हजार कॅश घेतली, सासूबाईंना घेतलं आणि मंडईला मेट्रोतून उतरून सरळ तुळशीबाग.

स्ट्रोलर अजिबात नेऊ नका, कमरेवर पोर आणि खांद्याला पिशवी एवढंच तिथे चालतं. सकाळी अकराच्या आत पोचलात तर दुकानदार बोलायच्या मूडमध्ये असतात, पाचनंतर फक्त ढकलाढकली.

बेस्ट खरेदी म्हणजे पांगुळगाडा, साधा लाकडी तीन चाकांचा, सहाशे सांगितला आणि आईंनी साडेपाचशेला आणला. दुकानदार म्हणाला "घ्या काकू, याची पोरंपण चालवतील." घेताना उलटा करून बघा, खिळ्याचं टोक कुठे बाहेर आलंय का आणि चाकं डगडगतात का. आम्ही तिसरा पास केला. शेजारीच ते बसवायचं गोल वॉकर होतं, ते नकोच, जिन्यावरून पोरं खाली येतात म्हणून कॅनडात २००४ पासून त्यावर बंदीच आहे. पांगुळगाडा पोर स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं. फक्त गुळगुळीत फरशीवर तो सुसाट पळतो, म्हणून आम्ही मागच्या चाकांना जुन्या सायकल ट्यूबची पट्टी चिकटवली.

मग राममंदिराजवळच्या पितळी भातुकलीपाशी आई अडकल्या. बंब काय, चूल काय, नखाएवढा झारा काय, मला पण सोडवेना. पण या वयात सगळं आधी तोंडात जातं, आणि त्यातली अर्धी भांडी सरळ घशात जातील एवढी. त्याऐवजी १३० रुपयांत लाकडी पोळपाट-लाटणं घेतलं. मी पोळ्या करताना त्याला एक गोळा देते, तो लाटत नाही, ठोकतो, पण दहा मिनिटं मिळतात.

आता जो एक स्टार कापला तो. एका स्टॉलवर ८० रुपयांचा लाल-हिरवा लाकडी खुळखुळा घेतला, "कलर एकदम पक्का ताई" वगैरे. घरी येऊन ओला पांढरा रुमाल घासला तर रुमाल गुलाबी. दुसऱ्या दिवशी परत नेला तर म्हणे हँडमेड आहे, एवढं चालतंच. नाही चालत बाबा, ते पोर चोखणार आहे! पैसे गेले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क लागतो, पण रजिस्टर्ड हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणजे लाकडी खेळण्यावर मार्क नसला तरी ते खोटंच असं नाही, पण मग तपासायचं काम आपल्यावर आलं. रुमाल घरून ओला करून न्या आणि दुकानातच घासा, दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

किल्ल्याची खरेदी तुळशीबागेत नाही केली, कसब्यात कुंभारवाड्यात गेलो. महाराज २२० ला आणि मावळे ३० ला एक, सहा घेतले. बरेचसे प्लॅस्टरचे असतात, मातीचे हवे तर विचारून घ्यायचे. घरी चार विटा, गोणपाट, बिल्डिंगमागची माती आणि वरून वीस रुपयांचे हळीव, चौथ्या दिवशी हिरवंगार. सव्वा वर्षाच्या पोराला किल्ला काय कळतो असं नणंद म्हणाली. चिखल कळतो ना! ढोपरापर्यंत माखला, थोडा खाल्लापण, मग अभ्यंगस्नान आदल्या दिवशीच उरकलं.

आकाशकंदील घरीच केला, काड्या आणि कागद मिळून नव्वद, थोडा तिरका झालाय. भाऊबीजेला नणंदेच्या चार वर्षांच्या लेकीने ओवाळलं, याच्या हाताने तिला शंभरची ओवाळणी, ती त्याने सोडायलाच दहा मिनिटं घेतली. टोटल १,३७०. उरलेल्या १३० ची आईंनी आणि मी मंडईतच भेळ खाल्ली होती, नवऱ्याला सांगितलेलं नाही.

दरवर्षी दोन मावळे वाढवायचे असं ठरवलं होतं, पण पुढच्या वर्षी चार लागणार, कारण एकाचं मुंडकं गेलंय आणि एक याने कुठे टाकलाय ते अजून सापडलं नाही.